टाकीजवळची ड्यूटी

लखन भोये बायकोला रोज एक शब्द न चुकता पाठवायचा. ‘उतरलो.’

परदेशातल्या आपल्या दूतावासाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, वाळूच्या पोत्यांमागे त्याची ड्यूटी असायची. ती संपली की तो लोखंडी जिन्यानं खाली यायचा, बंदूक जमा करायचा आणि मग पाच मिनिटांसाठी त्याला स्वतःचा फोन मिळायचा. त्या पाच मिनिटांत आधी तो शब्द, नंतर वेळ उरलाच तर ‘हर्षाली शाळेत गेली का’ नाहीतर ‘आज भात बरा होता’. इकडे नाशिक रोडच्या दोन खोल्यांत ललिता दहाच्या सुमाराला शिलाई मशीनवर बसलेली असायची. फोन वाजला की ती शिवण अर्धवट सोडायची, बघायची आणि उत्तर द्यायची, ‘जेव.’ सुट्टीचे दिवस सोडले तर दीड वर्षात यात एकदाही खंड पडला नव्हता.

त्या गुरुवारी दहा वाजले, साडेदहा वाजले, अकरा वाजले. फोन गप्प.

टीव्ही मात्र गप्प बसायला तयार नव्हता. रविवारी त्या देशाचं सरकार पडलं होतं. राजधानीत जाळपोळ चालू होती आणि परक्या देशांच्या दूतावासांपुढं जमाव जमत होते. एका दूतावासाचं फाटक लोकांनी ट्रक घालून तोडलं, ते दृश्य वाहिनीवाले पन्नास वेळा दाखवत होते. आपल्या दूतावासाचं नाव आलं की खाली लाल पट्टी धावायची आणि निवेदक असा बेंबीच्या देठापासून ओरडायचा, की फाटकाला पहिला धक्का यालाच द्यायचाय असं वाटावं. ललितानं टीव्ही बंद केला. नवऱ्याचा चेहरा तरी बघावा म्हणून तिनं फोनवर तो व्हिडिओ उघडला.

तो व्हिडिओ म्हणजे गावच्या फ्लेक्सचा. लखनला परदेशी ड्यूटी मिळाल्याचं गावाला कळलं तेव्हा सुरगाणा तालुक्यातल्या त्या एवढ्याशा गावाच्या अंगात आलं होतं. फाट्यावर बांबूचा सांगाडा उभा राहिला आणि त्यावर पंधरा फुटी फ्लेक्स चढला. ‘आमच्या गावचा ढाण्या वाघ सातासमुद्रापार!’ वाटेत एकही समुद्र लागत नव्हता, पण फ्लेक्सवर सातच्या खाली कुणी येत नाही. खाली बावीस शुभेच्छुक, सगळे काळ्या गॉगलात, त्यातल्या दोघांना लखननं शाळेत असताना बदडलेलं. छापणारा वाल्मीक सुरगाण्यात स्टुडिओ चालवायचा. त्यानं फ्लेक्सचा व्हिडिओ करून, मागं ढोल-ताशा लावून, दूतावासाच्या शहराच्या नावासकट आपल्या पानावर टाकला होता.

व्हिडिओत फ्लेक्सवरचा फोटो जवळून दिसायचा. लखन डोक्यावर लोखंडी टोप घालून, बंदूक धरून उभा. ललितानं तो चेहरा पाहिला, मनातल्या मनात सटवाईला हात जोडले आणि सवयीनं खालच्या प्रतिक्रिया वाचायला लागली. ‘जय हिंद.’ ‘भाऊ एकच नंबर.’ ‘नाद नाय करायचा.’ आणि त्याच्याखाली तीन ओळी, कधी न पाहिलेल्या लिपीत.

त्यांच्याखाली ‘भाषांतर पाहा’ असं होतं. तिनं बोट टेकवलं.

पहिली ओळ : ‘ही इमारत मी ओळखतो.’ दुसरी : ‘टाकीच्या मागे जिना आहे, बघा.’ तिसरी : ‘जिना मागच्या दाराकडे जातो.’

तिनं फोटो मोठा करून पाहिला. लखनच्या खांद्यामागं टाकी होती, टाकीमागं लोखंडी जिना होता, आणि जिन्याच्या तळाशी हिरव्या रंगाचं अरुंद दार अगदी स्वच्छ दिसत होतं. दीड वर्ष ती हा फोटो बघत होती आणि दीड वर्षात तिनं नवऱ्याच्या तोंडाशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

तो फोटो तिनंच दिला होता. लखननं तो फक्त तिला पाठवला होता, वर लिहिलं होतं, ‘बघ आणि पुसून टाक.’ तिनं बघितला आणि ठेवून दिला. मग दीर गोरक्ष फ्लेक्ससाठी फोटो मागायला आला. घरात लखनचा दुसरा धड फोटो होता तो लग्नातला. वाघाच्या कपाळाला मुंडावळ्या कशा चालतील, असं म्हणून गोरक्ष हटून बसला. ललितालाही वाटलं, गावानं बघावा माझा नवरा कसा दिसतो ते. दिला. लखननं पुढं विचारलं, कुठला फोटो लावला, तेव्हा ती म्हणाली, लग्नातला. तो फोनवर खूप हसला होता.

आता सांगायचं कुणाला?

मागच्या सुट्टीत लखननं तिला सगळी उतरंड समजावून सांगितली होती. फळीवरचे स्टीलचे डबे घेऊन त्यानं एकावर एक रचले. तळाला चटणीचा डबा ठेवला आणि म्हणाला, “हा मी. माझ्यावर हवालदार. त्याच्यावर गार्ड कमांडर नेगी साहेब. त्यांच्यावर दूतावासाचा सुरक्षा अधिकारी. आणि सगळ्यात वर राजदूत साहेब.”

“आणि तुमची दिल्ली?” ललितानं विचारलं होतं.

“दिल्ली सुट्टी देते, बदली करते. पण भिंतीच्या आत दार उघडायचं की नाही, गोळी घालायची की नाही, ते वरच्या डब्यातून निघतं आणि एकेका डब्यातून माझ्यापर्यंत येतं. खालनं वर जायचं तरी तसंच. मधला डबा ओढला की बघ.” त्यानं मधला डबा ओढला आणि सगळी चळत खणखणत जमिनीवर आली. हर्षाली टाळ्या पिटायला लागली होती.

नेगी साहेबांचा नंबर कॅलेंडरमागं लिहिलेला होता. घरात कुणी गेलं तरच लावायचा, एरवी नाही, अशी लखनची ताकीद होती. ललितानं तीन वेळा तो नंबर काढला आणि तीन वेळा फोन खाली ठेवला. सांगावं तर लखनवर चौकशी बसणार, कदाचित नोकरी जाणार. न सांगावं तर ते हिरवं दार. लखनलाच आधी सांगावं, तर त्याचा फोन गार्डरूमच्या पेटीत. भीतीनं तिला धड रडूही येत नव्हतं.

तिनं वाल्मीकला फोन लावला. “तो फ्लेक्सचा व्हिडिओ काढून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“वहिनी, एक्केचाळीस हजार झालेत,” वाल्मीक कळवळून म्हणाला. “पन्नास होऊ द्या, मग काढतो.”

“वाल्मीक, हात जोडते.”

“बरं, काढतो. पर पान काम्प्युटरवरनंच उघडतं, आन लाइट नाय आता. लाइट आली का पयलं तेच काम.”

मग गोरक्षला सांगितलं, फ्लेक्स उतरवा, कारण रोज कुणी ना कुणी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायचं आणि आपल्या पानावर टाकायचं. तो गाडी घेऊन गुजरातच्या फेरीवर होता, बाबांना उतरवायला सांगतो म्हणाला. का उतरवायचा, हे फोनवर सांगायची तिची छाती झाली नाही. घरातली चळतही तशीच होती : सगळ्यात वर सासरे, पुंजाबाबा. त्यांना तोंडासमोर सांगायचं, त्यांच्या परवानगीनं नेगी साहेबांना फोन लावायचा, असं तिनं ठरवलं. हर्षालीला शेजारच्या कौसरभाभींकडं सोपवलं आणि ती निघाली.

दिंडोरी नाक्यावरून वणीची जीप, वणीहून सुरगाण्याची. जीपमध्ये पुढं बसलेला एक जण फोनवर मोठ्या आवाजात त्याच बातम्या ऐकत होता. “आपले लोक गोळ्या का नाय घालीत?” तो ड्रायव्हरला म्हणाला. “मी असतो ना, एकेकाला उडवला असता.” ललिताला वाटलं त्याच्या कानाखाली वाजवावी. माझा माणूस तिथं उभा हाय, असं ओरडून सांगावं. पण तोंड उघडलं असतं तर हुंदकाच बाहेर आला असता, म्हणून तिनं पदराचा बोळा दातांत धरला. बोरगावच्या पुढं रेंज गेली. पाऊण तास फोन नुसता काचेचा तुकडा होता. या पाऊण तासात ‘उतरलो’ आलं असेल, असं ती स्वतःला सांगत होती. आणि दुसरंच काही आलं असेल तर, हेही मनात येत होतं.

फाट्याचं वळण आलं. बांबूचा सांगाडा लांबूनच दिसला. रिकामा. त्याखाली माणसं जमली होती. बायका गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध तिची सासू तानुबाई, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, छाती पिटत होती.

ललिता जीप थांबायच्या आत उतरली आणि तोल जाऊन गुडघ्यांवर पडली. झालं. आपल्या आधी बातमी गावात पोचली. तिला एकदम काही ऐकू येईना. बायका तिच्याकडं धावल्या, कुणी तिला धरलं, कुणी तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. सासूनं तिचे दोन्ही हात पकडले आणि म्हणाली, “सोन्यासारखा माजा लखन गं!”

“कधी?” ललितानं विचारलं. “कोणी सांगितलं?”

तानुबाईनं शेजारच्या म्हातारीकडं बघितलं. “ही सांगत आली.” म्हातारीनं सुनेकडं बोट केलं. “मला हिनं सांगितलं.” सून म्हणाली, “मला नाथाच्या बायकोनं.” नाथाची बायको डोळे पुसत म्हणाली, “आता सांगायला कशाला पायजे? फ्लेक्स काढला ना! जिवंत माणसाचा फ्लेक्स कोण काढतं? श्रद्धांजलीचा लावायचा असंल तवाच आधीचा काढत्यात. आणि टीव्हीवर तर सकाळपासनं दाखवून राहिलेत.”

ललिताला समजायला थोडा वेळ लागला. मेल्याची बातमी कुठूनच आली नव्हती. तिनं सांगितलं म्हणून सासऱ्यांनी फ्लेक्स उतरवला, तो उतरवलेला बघून गावानं लखनला मारून टाकलं, आणि गाव रडतंय म्हणून ती स्वतः पाच मिनिटं विधवा झाली होती. तिनं सासूला गदागदा हलवलं. “आई, काही झालं नाय त्याला! फ्लेक्स मी काढायला सांगितला!” पण एकदा बसलेल्या बायका अशा सहजासहजी उठत नाहीत. त्यांचा आवाज कमी झाला, एवढंच.

तेवढ्यात वाल्मीकची मोटारसायकल आली. तो हळहळत जवळ आला, टोपी काढली आणि खालच्या आवाजात म्हणाला, “वहिनी, वाईट झालं. फोटो तोच ठेवू का? निस्ता रंग काढतो.”

ललितानं त्याच्या शर्टाची कॉलर धरली. “माझा नवरा जिवंत हाय. व्हिडिओ काढलास का तू?”

“अजून लाइटच नाय,” वाल्मीक घाबरून म्हणाला.

पुंजाबाबा शाळेच्या ओट्यावर बसले होते. फ्लेक्सची गुंडाळी मांडीवर, कोयता शेजारी. सत्तावीस वर्षं त्यांनी जंगल खात्याच्या नाक्यावर चौकीदारी केली होती. भुवईवर दगडाची मोठी खूण होती आणि एका कानानं ऐकू येत नव्हतं. सागवान चोरांनी मारलेला दगड, एवढंच गावाला माहीत होतं. गावातली रेंजही फाट्यालगत, त्या ओट्याच्या आसपासच यायची. ललिता त्यांच्यापुढं खाली बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं : फोटो, पुसून टाक म्हणालेला लखन, लग्नातला म्हणून मारलेली थाप, त्या तीन ओळी. सांगताना तिनं मान वर केली नाही.

म्हाताऱ्यानं फ्लेक्सची गुंडाळी मांडीवरून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “मधल्या मानसाला सोडून वर गेलं का लय वाईट होतं, बाय. पर मधला मानूसच गावत नसंल तर काय करशील? लाव फोन.”

चौथ्या खेपेला फोन उचलला गेला. पलीकडं मोठा गलका होता, समुद्र नसलेल्या गावात समुद्र यावा तसा. नेगी साहेबांची हिंदी खडी, ललिताची दिंडोरी नाक्यावरची, पण दोघांना एकमेकांचं नीट कळलं. ती बोलत असताना त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

“हे मला सोमवारपासून माहीत आहे,” ते शेवटी म्हणाले. “कुणीतरी त्या व्हिडिओत लखनचं नाव जोडलं होतं, म्हणून तो त्याला दिसला. त्यानं स्वतः हवालदाराला सांगितलं, हवालदारानं मला, मी वर. तासाभरात राजदूत साहेबांपर्यंत पोचलं.”

ललितानं मनात दिवस मोजले. सोमवारी ‘उतरलो’ आलं होतं, मंगळवारी आलं होतं, बुधवारीही आलं होतं. फोटोबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नव्हतं. उलट बुधवारी भात बरा होता म्हणाला होता.

“साहेब, फोटो मी दिला. त्याचा दोष नाही.”

“पाठवला त्यानं. नियम त्याला माहीत होता. त्याची चौकशी होईल, पण ती नंतर. आधी हे दिवस जाऊ द्यात.”

“मी तो व्हिडिओ काढायला सांगितलाय, साहेब. फ्लेक्सही उतरवलाय.”

साहेबांचा आवाज एकदम बदलला. “व्हिडिओ निघाला का?”

“नाही अजून. लाइट नाही इथं.”

“काढू नका. ऐकताय ना? काहीही काढू नका. फलकही होता तिथं परत लावा, जसं होतं तसंच दिसलं पाहिजे. हा माझा हुकूम समजा.”

“पण का, साहेब?”

“ते सांगता येणार नाही.”

“तो कुठं आहे आत्ता?”

“ड्यूटीवर. आज सगळ्यांची दुप्पट ड्यूटी आहे.”

“कुठल्या जागेवर?”

साहेब गलक्यापासून जरा बाजूला आले असावेत. मग साहेब हळू म्हणाले, “जागा त्यानं स्वतः मागून घेतली आहे. हुकूम मात्र माझा आहे, ते लक्षात ठेवा. ठेवतो.”

फोन बंद झाला. ललितानं ऐकलेलं सगळं सासऱ्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितलं. काढू नका म्हणतात. जसं होतं तसं ठेवा म्हणतात. जागा त्यानं मागून घेतली म्हणतात. “मला काहीच कळंना, बाबा. चोराला दार माहीत झालंय, आणि हे म्हणतात पाटी तशीच राहू द्या!”

पुंजाबाबांचा चेहरा उतरला. त्यांनी भुवईवरच्या खुणेला हात लावला.

“मला कळलं,” ते म्हणाले. “आमी सहा जण ओढ्याच्या आंब्याखाली दबा धरून बसायचो, सागवान चोरांसाठी. मी बाजारात पिऊन बोललो. जागा फुटली. मग मीच जाऊन वनपाल साहेबाला सांगितलं. साहेबानं पाच जणांना गुपचूप वरल्या खिंडीत हलवलं. पर आंब्याखालची जागा रिकामी नाय ठेवली. रिकामी दिसली का चोराला कळतं, यांना समजलं म्हणून. मग तो दुसरीकडनं येतो. म्हणून एकानं खाकी टोपी घालून तिथंच बसायचं. विडी वढायची, खोकायचं. चोराला वाटतं, समदं पयल्यासारखंच हाय. तो तिथंच येतो, आन वरनं पाच जण त्याच्यावर.”

“आणि खाली बसलेला?”

“त्याच्यावर पयला दगड.”

ललिताला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तरी तिनं विचारला. “साहेबानं कुणाला बसवलं होतं, बाबा?”

“साहेबानं कुणाचंच नाव घेतलं नाय. मीच म्हणालो, मी बसतो. जागा मी फोडली ना.” म्हातारा ओट्याच्या फरशीकडं बघत राहिला. “गावाला ही गोष्ट ठाव नाय. एकदा फक्त लखनला सांगितली, तो एवढासा होता तवा.”

आता ललिताला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. हिरवं दार कदाचित केव्हाच चिणून टाकलं असेल, खरे पहारेकरी दुसरीकडं कुठंतरी असतील. आणि टाकीजवळ, अगदी फोटोतल्यासारखा, तोच टोप घालून लखन उभा असेल, सगळ्यांना दिसेल असा. तिच्या हौसेपायी. गावानं बघावा माझा नवरा, म्हणून. आता तो अख्खा देश त्याला बघत होता.

“उठ,” पुंजाबाबा म्हणाले. “हुकूम झालाय ना? लावू परत.”

दोऱ्या कोयत्यानं तोडल्या होत्या, एक कोपरा टरकला होता. सुतळी कुणी आणली, शिडी शाळेतली निघाली. गोरक्ष अजून गुजरातच्या फेरीवरून परतला नव्हता. बांबू जुने झालेले, जड माणसाचा भार घेईनात, म्हणून ललितानं पदर खोचला आणि तीच चढली. रडणाऱ्या बायका आता तोंडाला हात लावून वर बघत होत्या. नुकताच मेलेला वाघ परत चढवला जातोय हे बघून नाथाची बायको म्हणाली, “मंग आता रडायचं का नाय?”

तीन कोपरे बांधून झाले. चौथ्याला भोकच उरलं नव्हतं. वारा सुटला होता, फ्लेक्स फडफडायला लागला, म्हणून ललितानं तो कोपरा मुठीत घट्ट धरला आणि शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. लखनचा चेहरा तिच्या चेहऱ्याएवढ्याच उंचीवर होता, शेजारी. एवढ्या जवळून त्याचे डोळे नुसते ठिपके दिसत होते.

“आता उतर,” खालून सासू म्हणाली. “दगड बांधू त्याला.”

“तो उतरल्याबिगर मी नाय उतरणार,” ललिता म्हणाली.

तानुबाईनं खूप आर्जवं केली, शेवटी शिव्या घातल्या. ललिता हलली नाही. वर रेंजच्या दोन काड्या येत होत्या. फोन तिनं कमरेला खोचला होता आणि तो मधूनच थरथरल्याचा भास व्हायचा. काढून बघितला की काही नसायचं. चार वाजले, पाच वाजले. पाय बधिर झाले. वाल्मीकनं आपल्या फोनवर बातम्या लावल्या आणि पुंजाबाबांनी तो बंद करायला लावला. जमावानं दगडफेक केली, एवढं तेवढ्यात ऐकू आलं होतं. कुठल्या दूतावासावर, ते ऐकू आलं नाही. ललितानं डोळे मिटून घेतले. तिला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला अंधाराची वाटते तशी, आणि तिला कुणाच्या तरी कुशीत तोंड लपवायचं होतं. शेजारी होता तो छापलेला होता.

सहाला दहा कमी असताना फोन खरंच वाजला.

एका हातानं तो काढताना खाली पडता पडता वाचला. स्क्रीनवर लखनचं नाव होतं. ‘उतरलो.’

ललिताच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या बायका पुन्हा रडायला लागल्या. “उतरला!” ती ओरडली. “उतरला, आई! बाबा, आला मेसेज! उतरलो म्हणतो!” तानुबाई मातीतच मटकन बसली आणि तिनं जमिनीला डोकं टेकवलं. वाल्मीकनंही डोळे पुसले, आणि लगेच कुणाला तरी फोन लावला.

तेवढ्यात दुसरा मेसेज आला.

‘उद्या पहाटे परत टाकीजवळच. तुझा फोन आला होता, साहेब म्हणाले. रडू नको. बाबांना सांगू नको, ते जागेवरून ओळखतील.’

ललितानं तो दोनदा वाचला. मग स्क्रीन छातीशी धरून खाली पाहिलं. पुंजाबाबा शिडीचे दोन्ही दांडे धरून उभे होते. तीन तास ते तसेच उभे होते, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

“आजून काय म्हणतो?” त्यांनी विचारलं.

“जेवलो म्हणतो.”

म्हाताऱ्यानं तिनं छातीशी धरलेल्या फोनकडं बघितलं. मग खिशातली सुतळी काढून तिच्या हातात वर दिली.

“कोपरा नीट बांध,” तो म्हणाला. “उद्याबी लागंल.”